येशूचे भाऊ कुठे गेले?

येशूला बायको होती का, या प्रश्नावर जितकी शाई खर्ची पडली, तिचा दहावा हिस्साही त्याच्या भावांच्या वाट्याला आलेला नाही. पत्नीविषयी पहिल्या शतकातला एकही लेख बोलत नाही. भावांविषयी मात्र शुभवर्तमानकार मार्क बोलतो, प्रेषित पौल बोलतो आणि ख्रिस्ती नसलेला यहुदी इतिहासकार योसेफसही बोलतो. ज्याला आधार नाही त्याची चर्चा आणि ज्याला आहे त्याचा विसर, ही उलटी रीत मला मान्य नाही.

आधी पत्नीचा पक्ष पाहू. २००३ साली आलेल्या ‘दा विंची कोड’ कादंबरीने तो घरोघर नेला. त्याचा मुख्य आधार म्हणजे १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलेले ‘फिलिपचे शुभवर्तमान’. त्यात मग्दालिया मरिया ही येशूची ‘सोबतीण’ म्हटली आहे, आणि तो तिचे चुंबन घेई असे एक वाक्य आहे. कुठे घेई, ते मात्र सांगता येत नाही, कारण नेमका तिथेच पपायरस फाटलेला आहे. ‘ओठांवर’ हा शब्द वाचणाऱ्यांनी पदरचा घातला. शिवाय याच ग्रंथात चुंबन ही आध्यात्मिक जन्माची खूण आहे आणि साधक एकमेकांचे चुंबन घेतात. ग्रंथही येशूनंतर शतकाहून अधिक काळाने रचलेला. एवढ्यावर संसार उभा करणे हा पुरावा नव्हे.

दुसरा युक्तिवाद असा की, त्या काळी यहुदी पुरुष अविवाहित राहूच शकत नसे. हे खरे नाही. एसीन या यहुदी पंथातल्या ब्रह्मचाऱ्यांचे वर्णन योसेफसनेच केले आहे. पौलही एकटाच होता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पत्नीला सोबत घेऊन फिरण्याचा आपल्यालाही हक्क आहे हे पटवताना, तो इतर प्रेषितांचा, प्रभूच्या भावांचा आणि केफाचा म्हणजे पेत्राचा दाखला देतो. येशू स्वतः विवाहित असता, तर त्याचे एक नाव घेताच वाद मिटला असता. पौलाने ते घेतले नाही.

२०१२ मध्ये हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी एका कॉप्टिक तुकड्याची घोषणा केली. त्यात येशूच्या तोंडी ‘माझी पत्नी’ असे शब्द होते. जगभर मथळे झळकले. पुढे त्याच्या मजकुरात थॉमसच्या शुभवर्तमानाच्या इंटरनेटवरील एका प्रतीतली छपाईची चूक जशीच्या तशी उतरलेली आढळली. २०१६ साली पत्रकार एरियल सबार यांनी तुकड्याच्या मालकाचा माग काढल्यावर तो बनावट असावा हे किंग यांनीही मान्य केले. १९८० साली जेरुसलेमच्या तलपियोत भागात सापडलेल्या अस्थिपेट्यांवर उभारलेला दावाही टिकत नाही. योसेफ, मरिया, येशू ही नावे त्या काळी इतकी सर्रास होती की, ती एका थडग्यात एकत्र आली म्हणून नासरेथचे कुटुंब सापडले असे ठरत नाही.

या सगळ्यात सर्वांत मोठा अन्याय झाला तो मग्दालिया मरियेवर. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिला शुभवर्तमानातल्या निनावी पापिणीशी एक करून टाकले, आणि शतकानुशतके ती वेश्या म्हणूनच चितारली गेली. आता तिला पत्नी करून तिचा मान वाढवला असे समजले जाते. पण शिष्य पळून गेल्यावरही वधस्तंभाजवळ थांबलेली आणि रिकामी कबर पाहिलेली ही बाई. तिला मोठे होण्यासाठी कुणाची बायको असण्याची गरज का पडावी?

आता भाऊ. मार्कच्या सहाव्या अध्यायात नासरेथचे गावकरी नावे घेऊन विचारतात: हा मरियेचा मुलगा ना, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊ ना, याच्या बहिणी इथेच आपल्यात आहेत ना? गावाला हे घर ओळखीचे होते.

हे भाऊ सख्खे नव्हेत, असे म्हणणारे दोन पक्ष आहेत, आणि त्यांचा विचार आदरानेच करायला हवा, कारण कोट्यवधी भाविकांची मरियेच्या अखंड कौमार्यावर श्रद्धा आहे. केवळ कॅथलिकांचीच नव्हे, तर प्रॉटेस्टंट पंथाचे प्रणेते मार्टिन ल्यूथर यांचीही ती होती. पौर्वात्य परंपरा म्हणते, हे मरियेचा पती योसेफ याच्या आधीच्या लग्नातले मुलगे. ही गोष्ट दुसऱ्या शतकातल्या ‘याकोबाच्या आद्य शुभवर्तमाना’तून येते. मरिया मंदिरात वाढली असे तो ग्रंथ सांगतो, आणि यहुदी मंदिरात मुलीला असे वाढवण्याची चाल कुठे दिसत नाही. अशा ग्रंथाच्या साक्षीवर मी विसंबणार नाही.

इ. स. ३८३ च्या सुमारास भाऊ सख्खेच म्हणणाऱ्या हेल्विडियसला उत्तर देताना धर्मपंडित जेरोमने दुसरा पक्ष मांडला: हे येशूचे मावसभाऊ. त्याची खरी ताकद अशी की, मार्क वधस्तंभाजवळच्या बायकांत ‘याकोब आणि योसे यांची आई मरिया’ अशी वेगळी स्त्री सांगतो. हा मुद्दा हलका नाही. पण ही दोन्ही नावे गल्लोगल्ली असायची. शिवाय जेरोम प्रभूचा भाऊ याकोब हाच बारा शिष्यांपैकी अल्फीचा मुलगा याकोब ठरवतो, आणि इथे त्याची मांडणी कोसळते. भावांचा येशूवर विश्वास नव्हता असे योहान स्पष्ट लिहितो. मग त्यातला एक बारांत कसा? ‘प्रेषितांची कृत्ये’ही आधी शिष्यांची नावे देते आणि मग मरिया व भाऊ वेगळे सांगते. वधस्तंभावरून येशूने आईला शिष्याच्या हाती का सोपवले, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही त्या अविश्वासात आहे.

निर्णायक साक्ष मला वाटते ती दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक हेगेसिप्पस याची. त्याचे उतारे चर्चचा इतिहासकार युसेबियसने जपून ठेवले. तो याकोबाला प्रभूचा भाऊ म्हणतो, यहूदाला देहाच्या नात्याने भाऊ म्हणतो, आणि योसेफाचा भाऊ क्लोपा याच्या मुलाला, शिमोनाला, वेगळ्या शब्दाने चुलतभाऊ म्हणतो. ज्याला फरक ठाऊक आहे आणि जो तो करतो, त्याने भावाला भाऊ म्हटल्यावर आपण तिसरा अर्थ का काढावा? कॅथलिक धर्मगुरू असलेले जॉन मायर यांनीही १९९१ साली ऐतिहासिक कसोटीवर सख्ख्या भावंडांचीच शक्यता सर्वाधिक मानली.

याकोब विसरला गेला हे मला फार खटकते. पौल जेरुसलेमला जाऊन त्याला भेटला. अन्य धर्मीयांतून आलेल्यांवर सुंतेची सक्ती नको, हा निवाडा जेरुसलेमच्या सभेत याकोबानेच बोलून दाखवला. इ. स. ६२ मध्ये एक रोमन सुभेदार मेला होता आणि दुसरा अजून यायचा होता. तेवढ्या अवधीत महायाजक अनानस याने ‘ख्रिस्त म्हटल्या गेलेल्या येशूचा भाऊ’ याकोब याला दगडमाराची शिक्षा दिली. शहरातल्या कायद्याची चाड असणाऱ्या यहुद्यांनीच त्याविरुद्ध तक्रार केली आणि अनानसचे पद तीन महिन्यांत गेले. हे योसेफस लिहितो. आठ वर्षांनी जेरुसलेम जळाले. मंडळीचे केंद्र रोमकडे सरकले, स्मरणात पेत्र आणि पौल उरले. पुढे संन्यासाचे माहात्म्य वाढत गेले, तसे येशूला भावंडे असणेच अडचणीचे होऊन बसले.

येशूच्या रक्ताचा गुप्त राजवंश शोधणाऱ्यांनी हेगेसिप्पसचाच आणखी एक उतारा वाचावा. दावीदाच्या कुळातले म्हणून यहूदाचे दोन नातू सम्राट डोमिशियनसमोर उभे केले गेले. दोघांची मिळून मालमत्ता नऊ हजार दिनार, तीही रोख नव्हे, तर एकोणचाळीस प्लेथ्रा (जुने ग्रीक माप) जमीन. ती स्वतः कसून ते कर भरत. त्यांनी हातांचे घट्टे दाखवले, आणि सम्राटाने त्यांना क्षुद्र समजून सोडून दिले. परतल्यावर हे दोन शेतकरी मंडळ्यांचे पुढारी झाले आणि सम्राट ट्राजनच्या काळापर्यंत जगले.