‘ऐकत नाही’ की ऐकू येत नाही?

‘म्हातारीला सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं!’ हा विनोद शिरड शहापूरपासून मुंबईपर्यंत घराघरांत चालतो. सगळे हसतात. जिच्यावर हसतात तीही ओशाळून हसते, कारण काय बोललं गेलं ते तिला कळलेलंच नसतं. हळूहळू ती विचारणं सोडते, मग बोलणं सोडते. घर म्हणतं, हेकट झाली.

वयानं कान मंदावतात, खरं आहे. पण वर्षानुवर्षं वाहणारा कान, गिरणीचा रोजचा खडखडाट, क्षयावर घेतलेली स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं यांनीही ऐकू येणं जातं. त्यामागून एकटेपण येतं, उदासी येते, स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो. याला ‘स्वभाव’ म्हणायचं?

घर असं, तर कायदा कसा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालाप्रमाणे, बऱ्या कानाची श्रवणशक्ती ३५ डेसिबलहून अधिक घटली की माणसाला मदतीची गरज असते. जगात अशी ४३ कोटी माणसं आहेत. आपला २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मात्र दोन्ही कानांत ६० डेसिबल घट झाल्यावरच दखल घेतो. साधं बोलणं साधारण तेवढ्याच आवाजाचं असतं. म्हणजे समोरचं बोलणं हरवेपर्यंत ही बाई कायद्याला दिसतच नाही!

आणि दिसली तरी? प्रमाणपत्रासाठी हिंगोली गाठा. एस.टी.चं भाडं, बुडालेला रोज, शिवाय सोबतीला माणूस हवा. रांगेत नावाचा पुकारा झाला तर ऐकणार कोण? घरचे म्हणतात, ‘सुगीनंतर बघू.’ बाईच्या कानाची सुगी कधी येतच नाही.

बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. २०१७च्या वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना श्रवणयंत्राची तरतूद झाली. पण शिबिरात यंत्र वाटून फोटो काढला की काम संपत नाही. ते कानाला जुळवायचं कुणी? बॅटरी संपल्यावर पैसे कुणाचे?

म्हणून आमची मागणी आहे: चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईचा कान गावातच तपासा. ग्रामपंचायतीनं दिव्यांगांसाठी राखायच्या ५ टक्के निधीतून बॅटरी आणि दुरुस्तीचा खर्च द्या. ग्रामसभेत मोठ्यानं, समोर तोंड करून बोला.

बायांनो, आपल्या सासूला, आईला, शेजारणीला आज समोर बसून विचारा, ‘नीट ऐकू येतं का?’ आणि ‘ही ऐकतच नाही’ म्हणणाऱ्यांनो, आधी तुम्ही तिचं ऐका!