पेठेतली थंडी आणि हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज

गाडी घ्यायची म्हटलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅव्हरेज किती देते? सध्या या प्रश्नाचं सगळ्यात भारी उत्तर हायब्रिड गाड्यांकडे आहे. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या सख्ख्या बहिणी २०२२ मध्ये आल्या. दोघींच्या स्ट्राँग हायब्रिडचा अधिकृत आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. त्याच वर्षी आलेल्या होंडा सिटी हायब्रिडचा २६.५. चार्जिंगची कटकट नाही, पेट्रोल पंपावर नेहमीसारखं जायचं आणि वर हे अ‍ॅव्हरेज! पण डिसेंबर-जानेवारीत, कसबा पेठेतल्या बोळात गाडी लावणाऱ्या माणसाला हा आकडा दिसेल का? अवघड आहे. आणि त्याचं सगळं बिल थंडीच्या नावावर फाडताही येणार नाही.

हायब्रिड पेट्रोल वाचवते कशी? जमेल तेव्हा इंजिन बंद ठेवून. सिग्नलला थांबलात, गर्दीत रांगत चाललात, उतार लागला की इंजिन झोपतं आणि मोटर काम करते. ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते. म्हणजे सगळी कमाई इंजिन बंद असण्यात आहे. थंडी नेमकी तिथेच घाव घालते. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल पाजावं लागतं, ऑइल घट्ट असतं, आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. त्यामुळे गाडीचा कॉम्प्युटर म्हणतो, बॅटरी भरलेली असू दे, सिग्नल लाल असू दे, मी इंजिन चालूच ठेवणार. त्यात बॅटरीही गारठलेली. थंडीत तिचा अंतर्गत विरोध वाढतो, ती करंट द्यायला आणि घ्यायलाही कुरकुरते. जुन्या स्कूटरला सकाळी चोक ओढून किका मारणाऱ्या बाबांना हे लगेच समजेल. फरक इतकाच, की आता चोक गाडी स्वतःच ओढते आणि आपल्याला कळवत नाही.

किती फरक पडतो? अमेरिकी सरकारच्या इंधन-बचतीच्या माहितीनुसार, २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांत शहरातल्या छोट्या फेऱ्यांवर साध्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज सुमारे १५ टक्क्यांनी घटतं. हायब्रिडचं मात्र ३० ते ३४ टक्क्यांनी. म्हणजे जिची जाहिरातच काटकसरीची, तिला फटका दुप्पट. डेट्रॉइट, मिनियापोलिस, टोरांटोकडे कुणाचे काका-मावशी असतील तर विचारून बघा. तिथे हीटर लावायचा म्हणजे बहुतेक हायब्रिडमध्ये इंजिन चालवायचं, कारण उष्णता इंजिनाच्याच गरम पाण्यातून येते.

आता कुणी म्हणेल, पुण्यात उणे ७ कुठून आणणार? बरोबर आहे. पुण्याचा नोंदलेला नीचांकच १.७ अंशांचा, तो १७ जानेवारी १९३५ चा. आपल्याकडे ८-१० अंश म्हणजे मोठी बातमी. पण इंजिनाच्या बाजूने बघा. त्याला ८०-९० अंशांना पोचायचंय. मे महिन्यातल्या सकाळी तो प्रवास २५च्या आसपास सुरू होतो, जानेवारीत १० पासून. चढण वाढते, पण फार भयंकर नाही. शिवाय हिवाळ्यात एसी बंद, तेवढी बचत. म्हणून नुसत्या थंडीवरून अमेरिकेतले आकडे पुण्याला चिकटवणं चूक ठरेल.

खरी गोम आहे त्याच वाक्यातल्या ‘छोट्या फेऱ्या’ या शब्दांत. कसबा गणपतीपासून मंडई जेमतेम किलोमीटरभर, सीओईपी दोनेक, फर्ग्युसन रोड तीनच्या आसपास. पेठेतलं आयुष्य याच त्रिज्येत फिरतं. इंजिन तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो. मग गाडी दोन-तीन तास उभी, पुन्हा थंड, पुन्हा पहिल्यापासून.

जरा हिशोब करू. आकडे समजण्यापुरते, कुठल्या विशिष्ट गाडीचे नाहीत. समजा तापलेली हायब्रिड लिटरला ३० किलोमीटर देते आणि सकाळी तापण्यासाठी ८० मिलिलिटर पेट्रोल जादा पिते. ३० किलोमीटर गेलात तर अ‍ॅव्हरेज पडेल २७.८. साडेदहा किलोमीटरला २४.४. आणि फक्त ३ किलोमीटरला? १६.७! गाडी तीच, ड्रायव्हर तोच, थंडी तीच.

साडेदहाच का घेतले, त्याला कारण आहे. २७.९७ सारखे आकडे ज्या चाचणीतून येतात ती साधारण तेवढ्याच अंतराची, वीसएक मिनिटांची असते. या आकड्याला सगळा देश ‘एआरएआय मायलेज’ म्हणतो, आणि ती एआरएआय आपल्याच पुण्यातली. १९६६ साली सुरू झालेली संस्था, वेताळ टेकडीवरची. सूर्यास्ताचे फोटो काढायला आपण जिथे जातो ती ‘एआरएआय टेकडी’ हिच्याच नावाने ओळखली जाते. चाचणी रस्त्यावर नाही, बंद खोलीत रोलरवर होते. वेग ९० च्या वर जात नाही आणि खोलीचं तापमान २० ते ३० अंश. सुरुवात ‘थंड’ इंजिनाने करतात खरी, पण हे ‘थंड’ म्हणजे पेठेतली एप्रिलची सकाळ.

यात फसवणूक नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजायच्या तर अटी ठरवाव्याच लागतात. प्रश्न एवढाच, की माप एकच असावं का? अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून अधिकृत आकडा पाच वेगवेगळ्या चाचण्यांवरून काढतात, त्यातली एक उणे ७ अंशांची. युरोपात २३ अंशांच्या चाचणीला १४ अंशांच्या चाचणीची दुरुस्ती जोडतात, कारण तिथली सरासरी हवा तशी. आपल्याकडे लेहपासून नागपूरच्या मे महिन्यापर्यंत सगळ्यांना एकच आकडा. माझ्या मते, निदान हायब्रिडसाठी छोट्या फेरीचा वेगळा आकडा छापायला हवा. कारण ग्राहक जे जादा पैसे मोजतो, ते त्या एका आकड्यासाठीच.

आणि पैसे थोडे नाहीत. साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा स्ट्राँग हायब्रिडची किंमत बरीच वर असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तरी ग्रँड विटाराएवढ्या हायब्रिडवर ४० टक्के आहेच (आधी सेससकट ४३ होता). इलेक्ट्रिक गाडीवर ५. हा फरक पेट्रोल वाचवून भरून काढायचा असेल तर गाडी पळायला हवी. रोज हिंजवडी किंवा चाकण गाठणाऱ्याचा हिशोब जुळू शकतो. कसब्यातून मंडई आणि परत, एवढंच करणाऱ्याचा जुळणं कठीण.

ज्यांच्याकडे गाडी आहेच, त्यांनी सकाळी ती उभ्या उभ्या तापवत बसू नये. अर्ध्या मिनिटात निघावं आणि सुरुवातीला हळू चालवावी, तशी ती लवकर तापते. टायरची हवा सकाळीच बघावी. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने पडतो, आणि जानेवारीत पुण्याची दुपार आणि पहाट यांत १५-२० अंशांचा फरक असतो. दुपारी भरलेली हवा पहाटे तीनेक पीएसआय कमी दिसली तर पंक्चर समजू नका. चार कामं असतील तर एकाच फेरीत उरका.

घरी हायब्रिड घ्यायचं चाललं असेल तर टेस्ट ड्राइव्ह सकाळी पहिल्याच नंबरची मागा, गाडी घरी बोलवा आणि बॉनेटला हात लावून बघा. गरम लागला तर तासभर उभी राहू द्या. मग रोजचा तीन किलोमीटरचा रस्ता धरा आणि इंजिन किती वेळ बंद राहतं ते डॅशबोर्डवर स्वतः मोजा.