चहाला नव्हे, हप्त्याला हात लावा

रोजचा चहा सोडा, ते पैसे एसआयपीत टाका आणि करोडपती व्हा, असं मोबाईलवरून मला बजावणाऱ्या तमाम आर्थिक महाराजांनो, या, एकदा हिशेबच मांडू. पंधरा रुपयांचं कटिंग, महिन्याला साडेचारशे. तुमचा लाडका बारा टक्के परतावा धरला तरी वीस वर्षांनी हाती लागतात जेमतेम साडेचार लाख. तेही वीस वर्षं टपरीवर इतरांच्या तोंडाकडे बघत उभं राहून. कोटी कुठे गेले?

आता तुम्ही जिथे मूग गिळून बसता, तिकडे वळू. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ५० लाखांचं गृहकर्ज घेतलं, तर हप्ता ४३,३९१ रुपये आणि नुसतं व्याज ५४ लाखांच्या वर. 'पाहुणे आले तर' म्हणून घेतलेल्या खोलीपायी त्यातले १० लाख वाढले असतील, तर दरमहा ८,६७८ रुपये तिचे. म्हणजे ५७८ कटिंग, दिवसाला एकोणीस! पाहुणे येतात दिवाळीत दोन रात्री. एरवी तिथे इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग नांदतो.

आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ जेवता जेवता अॅपमध्ये 'कोथिंबीर १०, झेंडू २०' अशी नोंद करतात. सात वर्षांच्या कर्जावर घेतलेली धिप्पाड गाडी मात्र त्या यादीत नाही. विचारलं तर म्हणाले, "तो खर्च कुठेय? तो हप्ता आहे." नाटकाच्या दोन तिकिटांवरून घरी आठवडाभर धुसफूस, आणि दसऱ्याच्या सेलमध्ये क्रेडिट कार्डावर टीव्ही! उपाशी माणूस बुफेवर तुटून पडावा तसं. त्या कार्डाचं बिल थकवलं की व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जातं, हे कोथिंबिरीच्या हिशेबात कुठे दिसणार?

त्या ५०-३०-२०चंही तेच. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या लेकीने २००५ च्या पुस्तकात मांडलेल्या या सूत्रात ५० टक्के गरजांना, २० बचतीला आणि चक्क ३० हौसेला आहेत. आमच्या महाराजांनी २० तेवढे उचलले, ३० गिळले. खरा जाच तर ५० चा आहे. हप्ते, भाडं, किराणा, सगळं त्यात कोंबायचं. पण घर घेऊ पाहणाऱ्याला हे ऐकवणार कोण? (ज्याच्या पगारात डाळ-तांदूळच बसत नाही, त्याला बजेटचं ज्ञान पाजणं हा शुद्ध निलाजरेपणा. त्याला पगारवाढ हवी, प्रवचन नको.)

माझ्या घरी पगार झाला की बचत परस्पर आरडीत जाते. पाठोपाठ हौसेचे पैसे वेगळ्या खात्यात. त्यातून हापूस आणा, नाटक बघा, नाहीतर तिसऱ्यांदा तोच कुर्ता घ्या, घरात कोणी कोणाला जाब विचारायचा नाही. उरलेल्यात संसार बसेना, तेव्हा आम्ही दुसरी गाडी विकली. हापूस चालू आहे. सोसायटीतले आमच्या जुन्या स्कूटरकडे बघून नाकं मुरडतात. खुशाल मुरडोत, पाच तारखेला घाम त्यांनाच फुटतो.