गाणे कोणते, कान कसा, मगच हेडफोन



आमच्या परिचयात एक निवृत्त शिक्षक आहेत. नाट्यसंगीताचे जुने रसिक. त्यांच्या पंचाहत्तरीला परदेशी असलेल्या कन्येने त्यांना एक भारी हेडफोन भेट पाठवला. किंमत चाळीस हजारांच्या घरात. गुरुजींनी तो दोनदा लावला आणि कपाटात ठेवून दिला. मुलीने फोनवर विचारले तेव्हा “आवाज जरा टोचतो गं,” एवढेच म्हणून त्यांनी विषय बदलला. मुलीला वाटले, बाबांना आपली भेट आवडली नाही. गुरुजींना वाटले, एवढ्या मोलाच्या यंत्रातूनही गाणे गोड लागत नाही, म्हणजे आता आपलेच काहीतरी संपले. हळूहळू त्यांनी गाणे ऐकणेच सोडले. ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात आली ती त्यांच्या पत्नीच्या. कारण दुपारी घरात शांतता राहू लागली होती.

या प्रसंगात दोष मुलीच्या प्रेमाचा नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. हेडफोन उत्तम होता. तो या कानांसाठी आणि या गाण्यासाठी नव्हता. आजच्या लेखात हाच विचार करावयाचा आहे. बाजारात पंचवीस-तीस हजारांपासून लाख-दीड लाखांपर्यंतचे हेडफोन मिळतात. एवढा खर्च करण्यापूर्वी काय पाहावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आधी कानाची ओळख

निरोगी तरुण कानाला सेकंदाला सुमारे 20 पासून 20,000 कंपनांपर्यंतचे स्वर ऐकू येतात. वय वाढू लागले की ही मर्यादा वरच्या टोकाकडून खाली सरकते. सत्तरीत पुष्कळांना आठ-दहा हजारांच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. यात घाबरण्यासारखे काही नाही. पियानोची अगदी उजवीकडची शेवटची पट्टीही सुमारे 4,186 कंपनांचीच असते. गाण्याचे मूळ स्वर सारे याच्या खालीच नांदतात. त्यांच्या वर असतात ती स्वरांची छटा सांगणारी सूक्ष्म अनुरणने. म्हणून उतारवयात राग ओळखू येतो, पण तंबोऱ्याची जवारी फिकी वाटते. चाल कळते, पण गीतातले ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात आणि शब्द पुसट होतात.

यावरून पहिला व्यावहारिक बोध घ्यावा. काही महागड्या हेडफोनांच्या खोक्यावर 40,000 कंपनांपर्यंतची क्षमता ठळकपणे छापलेली असते. त्या आकड्यासाठी ज्येष्ठांनी एक रुपयाही अधिक मोजू नये. ते स्वर तरुणांच्या कानालाही ऐकू येत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वयोपरत्वे ऐकू कमी येणाऱ्या अनेकांच्या बाबतीत हळू आवाज मुळीच ऐकू येत नाही. मात्र तोच आवाज थोडा वाढवला की एकदम असह्य होतो. घरातली माणसे म्हणतात, “आत्ता तर म्हणत होता ऐकू येत नाही, आता म्हणता ओरडू नका!” हा हेकेखोरपणा नव्हे, तो अंतर्कर्णातील बदलाचा परिणाम आहे. अशा कानाला तार स्वर उठावदार करणारा, दुकानदाराच्या भाषेत ‘ब्राइट’ हेडफोन टोचतो. गुरुजींचे नेमके हेच झाले होते.

म्हणून खरेदीच्या आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. कानात साठलेला मळ हेही ऐकू कमी येण्याचे एक साधे कारण असते. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा, घरी काडी घालू नये. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, कानात सतत गुणगुण होत असेल, चक्कर येत असेल वा कान वाहत असेल, तर हेडफोनचा विचार बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटावे. आणि एखाद्या कानाचे ऐकणे अचानक, एक-दोन दिवसांत गेले, तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा वेळी लवकर सुरू झालेल्या उपचाराला फार मोल असते.

आता गाण्याचा विचार

आपण बहुतांशी काय ऐकता, यावर निवड अवलंबून ठेवावी.

ख्याल, धृपद वा वाद्यसंगीत हे आपले पहिले प्रेम असेल, तर ज्यांना ‘ओपन-बॅक’ म्हणतात ते पाठीमागे जाळी असलेले हेडफोन पाहावेत. अशा रचनेत आवाज कोंडत नाही. गायक समोर थोड्या अंतरावर बसला आहे असा भास होतो आणि तंबोऱ्याला श्वास मिळतो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने 1968 मध्ये एचडी 414 हा अशा धाटणीचा हेडफोन आणला, तेव्हापासून ही रचना रुजली. याच कंपनीचा 1997 पासून चालत आलेला एचडी 600 मानवी कंठाच्या खरेपणासाठी आजही नावाजला जातो. मात्र त्याचा विद्युतरोध 300 ओहम आहे. साध्या मोबाइलवर तो पुरेशा जोमाने वाजत नाही, त्याला लहानसा अ‍ॅम्प्लिफायर जोडावा लागतो. हा खर्च आणि ही एक जादा वस्तू आधीच हिशेबात धरावी.

जुनी नाट्यपदे, 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरील गाणी किंवा आकाशवाणीचे जुने ध्वनिमुद्रण हे आपले विश्व असेल, तर तार स्वर उजळ करणारा हेडफोन कटाक्षाने टाळावा. 1925 च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीच्या तबकड्या भोंग्यासमोर गाऊन मुद्रित केलेल्या. त्यांत अतितार आणि अतिखर्ज स्वर मुळातच उतरलेले नाहीत. वरच्या टोकाला उरली आहे ती सुईची खरखर. महाग आणि तीक्ष्ण हेडफोन ही खरखर मोठ्या निष्ठेने आपल्या कानात ओततो. अशा गाण्याला ‘वॉर्म’ म्हणवला जाणारा, म्हणजे मध्य आणि मंद्र स्वरांकडे किंचित झुकणारा हेडफोन मानवतो. एचडी 600 च्या तुलनेत त्याचाच धाकटा भाऊ एचडी 650 या गुणासाठी ओळखला जातो.

भावगीते आणि चित्रपटगीते यांत जीव शब्दांत असतो. तेथे मधल्या सप्तकांची स्वच्छता पाहावी. डग्ग्याचा घुमारा वाढवून सांगणारे हेडफोन शब्द झाकून टाकतात. भजन आणि अभंगांच्या रसिकांनी टाळांच्या आवाजावर परीक्षा घ्यावी. मोठ्या मेळ्यातला टाळ कानात खुपत असेल, तर पखवाज कितीही गोड वाजला तरी तो हेडफोन आपला नव्हे.

एक छोटी युक्ती सर्व शास्त्रीय संगीताच्या रसिकांसाठी. विलंबित आलाप चालू असताना आवाजाची पातळी ठरवू नये. आलाप हलका असतो, म्हणून आपण आवाज वाढवतो. अर्ध्या तासाने द्रुत लयीत ताना सुरू झाल्या की तोच आवाज कानावर आदळतो. आधी द्रुतातला एखादा भाग लावून पातळी ठरवावी आणि मग सुरुवातीपासून ऐकावे.

घर, डोके आणि हात

गाणे आणि कान जुळले, तरी उरलेले निम्मे काम घराचे आणि शरीराचे असते.

वजन पाहावे. एचडी 600 सुमारे 260 ग्रॅमचा आहे. ऑडीझीच्या एलसीडी 2 सारखा नामांकित हेडफोन सहाशे ग्रॅमच्या आसपास जातो. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी या दुसऱ्या जातीच्या वाटेस जाऊ नये. चष्म्याच्या काड्यांवर गादीचा दाब पडतो आणि फट राहून मंद्र स्वर निसटतात, म्हणून परीक्षा नेहमीच्या चष्म्यानिशीच घ्यावी. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या घाम धरतात आणि काही वर्षांत त्यांचे पापुद्रे निघतात. त्या ठिकाणी मखमली कापडाच्या गाद्या बऱ्या. बदलीच्या गाद्या मिळतात ना, हे दुकानातच विचारून घ्यावे.

तारेचा विचार तर अवश्य करावा. पुष्कळ भारी हेडफोनांची तार तीन मीटर लांब असते. दार वाजले म्हणून घाईने उठताना ती पायात अडकली, तर मांडीचे हाड मोडण्याची किंमत कोणत्याही हेडफोनपेक्षा मोठी आहे. तारेचा हेडफोन घ्यावयाचा असेल, तर ऐकण्याची एक जागा ठरवावी, तार खुर्चीच्या मागून न्यावी आणि उठण्यापूर्वी हेडफोन काढून ठेवण्याची सवय लावावी. हे होणार नसेल, तर बिनतारी हेडफोन घ्यावा, मग त्याचा नाद किंचित उणा असला तरी चालेल.

घर रहदारीच्या रस्त्यावर असेल, तर बाहेरचा कोलाहल शमवणारे ‘नॉइज कॅन्सलिंग’ हेडफोन उपयोगी पडतात. कोलाहल कमी झाला की गाण्याचा आवाज आपोआप खाली ठेवता येतो. परंतु आपण घरी एकटे असाल, तर कुकरची शिट्टी, दाराची घंटा आणि शेजाऱ्यांची हाकही त्याबरोबर कमी होते, हे विसरू नये. एकट्या राहणाऱ्यांना ओपन-बॅक अधिक सुरक्षित. उलट शेजारी आजारी जोडीदार झोपलेला असेल, तर ओपन-बॅकमधून गाणे बाहेर झिरपते. तेथे बंद पाठीचा बरा.

कळा बोटांना जाणवणाऱ्या हव्यात. नुसत्या स्पर्शाने चालणारे हेडफोन थरथरत्या वा कोरड्या बोटांना दाद देत नाहीत, आणि मग माणूस स्वतःवरच चिडतो.

किती आणि किती वेळ

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. 90 डेसिबल झाला की तीच मर्यादा 4 तासांवर येते. घरी मोजपट्टी नसते, म्हणून साधा नियम पाळावा: यंत्राच्या कमाल आवाजाच्या साठ टक्क्यांपुढे जाऊ नये आणि तासाभराने कानाला विसावा द्यावा. साठ टक्क्यांवरही ऐकू येत नसेल, तर अधिक महाग हेडफोन हा त्यावर उपाय नव्हे. श्रवणयंत्राबद्दल तज्ज्ञांशी बोलावे. हेडफोन श्रवणयंत्राची जागा घेऊ शकत नाही. श्रवणयंत्र असणाऱ्यांनी ते बसवणाऱ्या तज्ज्ञांना संगीतासाठी वेगळी योजना करून मागावी. कारण यंत्राची नेहमीची जुळणी संभाषणासाठी केलेली असते.

हृदयात पेसमेकर असल्यास एक दक्षता आवश्यक आहे. हेडफोनमध्ये चुंबक असतो. तो कानावर असताना चिंता नाही. मात्र गळ्यात लोंबता ठेवू नये, शर्टाच्या खिशात ठेवू नये. पेसमेकरपासून निदान सहा इंच अंतर राखावे.

काळजी वाहणाऱ्यांसाठी

आश्चर्य म्हणून हेडफोन भेट देऊ नये; आई-वडिलांना दुकानात न्यावे. त्यांच्या आवडीची तीन मुद्रणे सोबत असावीत: एक संथ आलाप, एक जुने पद, एक भावगीत. प्रत्येक हेडफोन वीस मिनिटे तरी डोक्यावर राहू द्यावा आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने लावून-काढून पाहावा. त्या वेळी आपण बोलू नये. किंमत तर मुळीच सांगू नये; किंमत कळली की आपली मंडळी “छान आहे” असेच म्हणतात.

एक सोय पुष्कळांना ठाऊक नसते. मोबाइलच्या सुलभतेच्या, म्हणजे ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’च्या विभागात ‘मोनो ऑडिओ’ नावाची कळ आणि डाव्या-उजव्या कानाचा तोल सांभाळणारी पट्टी असते. एक कान दुबळा असेल, तर दोन बाजूंना वाटलेल्या गाण्यातली एक बाजू हरवते: कधी व्हायोलिन, कधी खुद्द गायकच. मोनो केल्यास सारे गाणे दोन्ही कानांत येते. आपली जुनी मुद्रणे तर मुळातच मोनो आहेत. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ घराघरांत पोहोचले ते एकाच ध्वनिवाहिनीतून, आणि त्याने कोणाचे काही उणे झाले नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला मागून येऊन एकाएकी हेडफोन लावू नये, ती घाबरते. समोर बसावे, वस्तू हातात द्यावी, आधी खोलीत तेच गाणे हलके लावावे आणि चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे. नको असे दिसले, तर आग्रह करू नये.

गुरुजींचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. पत्नीच्या आग्रहाने त्यांनी श्रवणचाचणी केली. उजव्या कानाचे तार स्वर बरेच गेले होते. ते परत येणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. श्रवणयंत्राला त्यांनी अजून होकार दिलेला नाही. तो प्रयत्न चालू आहे. मुलीने पाठवलेला हेडफोन नातवाला गेला. त्याच्या निम्म्या किमतीचा, हलका आणि मवाळ स्वराचा एक हेडफोन त्यांनी स्वतः ऐकून निवडला. मोबाइलवर मोनोची कळ दाबून दिली ती पत्नीने. त्या दिवशी गुरुजींनी कन्येला फोन केला आणि प्रथमच सांगितले, की भेट वाईट नव्हती, कान बदलले होते. ते ऐकून मुलीला हायसे वाटले. आता दुपारी अर्धा तास ते खिडकीपाशी ठरलेल्या खुर्चीत बसतात. घरात शांतताच असते. पण आता पत्नीला तिची काळजी वाटत नाही.

आपल्या घरातही असा एखादा हेडफोन कपाटात पडून असेल, तर या पंधरवड्यात तो बाहेर काढावा आणि ज्यांच्यासाठी आणला त्यांना एवढेच विचारावे, “नेमके काय खटकते?” आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.