'लॅप्स' झालेला कुलाबा

इंग्रजी वाक्यांतील उपरोध बोलणाऱ्याच्या स्वरांत असतो, शब्दांत नसतो, असें एक मत आमच्या सुशिक्षितांत रूढ होऊन बसलें आहे. आम्हांस तें साफ अमान्य आहे. कान्होजी आंग्रे ज्या 1729 सालीं वारले, त्याच सालीं स्विफ्टचें 'ए मॉडेस्ट प्रपोझल' प्रसिद्ध झालें. दरिद्री आयरिश मातापित्यांनीं आपलीं अर्भकें श्रीमंतांच्या भोजनासाठीं विकावीं, ही ती सूचना. आणि तिला विशेषण 'विनयशील'! कोणत्याही स्वरांत वाचा, डंख त्या विशेषणांतच आहे.

स्विफ्टला उपरोध साधावयाचा होता. ज्यांच्या तें मनींही नव्हतें त्यांच्या लेखणींतून तो कसा उतरला, हें पाहावयाचें तर अलिबागेच्या कुलाब्याकडे पाहावें. छत्रपतींचे सरखेल कान्होजी आपला परवाना नसलेलें जहाज धरीत; कंपनीच्या लेखीं ते 'पायरेट'. परवाने कंपनीही देई! पुढें 1756 सालीं वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, सुमारें 10 लाखांची लूट आपसांत वांटली, मोहिमेंतील दोस्त पेशव्यांस कांहीं दिलें नाहीं. ती लूट मात्र 'प्राइझ'. हा शब्द बक्षिसाचा नव्हे, फ्रेंचांतील 'धरणें' या अर्थाच्या धातूचा, असें पंडित सांगतील. कबूल. तरी कानाला बक्षीसच ऐकूं येतें, आणि पकडणें दोन्हीकडे असतां चांचा एकच ठरतो.

याहून मासलेवाईक शब्द 'लॅप्स'. दत्तक नामंजूर करून कंपनीनें 1840 सालीं कुलाबा संस्थान घेतलें. डलहौसी येण्यास अद्याप 8 वर्षें होतीं. हें क्रियापद अकर्मक. त्यांत घेणारा दिसतच नाहीं. हप्ता चुकल्यावर विम्याची पॉलिसी 'लॅप्स' होते, तसें एक राज्य जणूं आपोआप गळून पडलें! आमच्या 'खालसा करणें' याला निदान कर्ता लागतो. पण आमचे ग्रंथकार लिहितात काय? 'कुलाबा खालसा झाला.' म्हणजे इंग्रजानें झांकलेला कर्ता आम्ही मराठींतही झांकून ठेवला, आणि उपरोध कळण्याची वाटच बुजविली.

मुंबईंतील नौदलाच्या किनाऱ्यावरील ठाण्याचें नांव पूर्वीं 'डलहौसी' होतें. 1951 सालीं भारतीय नौदलानें तें बदलून 'आंग्रे' ठेविलें.