बसून बसून कोमेजणारी मुले

हैदराबादेतील आईबापांच्या तोंडी हल्ली एक तक्रार हटकून ऐकू येते: मुलाच्या हातचा मोबाइल सुटत नाही, आणि काही बोलावे तर तो अंगावर येतो. तक्रार खोटी नाही. परंतु तिचा अर्धाच भाग बोलला जातो, असे आमचे मत आहे.

महामारीत शाळा बंद असताना, 1 सप्टेंबर 2020 पासून तेलंगणात दूरदर्शन यादगिरी व टी-सॅट या वाहिन्यांवरून पाठ सुरू झाले, आणि कित्येक खाजगी शाळांचे वर्ग मोबाइलवर भरू लागले. म्हणजे हे यंत्र मुलांच्या हाती वडीलधाऱ्यांनीच दिले. मग एकट्या मुलासच दोष का द्यावा?

त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडातील 4,257 मुलामुलींची हालचाल बाराव्या, चौदाव्या व सोळाव्या वर्षी अंगावर छोटे यंत्र बांधून मोजण्यात आली होती, आणि अठराव्या वर्षी त्यांच्या मनःस्थितीची पाहणी झाली होती. बाराव्या वर्षी दिवसाकाठी जितके तास बैठक अधिक, तितक्या दर तासामागे अठराव्या वर्षीच्या खिन्नतेचे गुण सुमारे शेकडा 11 ने चढलेले आढळले. उलट, चालणे किंवा घरातले काम अशा हलक्या हालचालीचा एक तास अधिक असेल, तर ते जवळजवळ शेकडा 10 ने उतरलेले दिसले. एकामुळेच दुसरे घडले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही हे खरे. परंतु ध्यानात घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. मूल मोबाइल पाहत बसले आहे की गणिते सोडवीत बसले आहे, हे त्या यंत्रास कळत नव्हते. ते केवळ बसणे मोजीत होते.

आता आपल्या शहरातील इंटरमीजिएटच्या मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. पहाटे अभ्यासिका, दिवसभर वर्ग, सायंकाळी पुन्हा अभ्यास. कॉलेज म्हणजे बहुधा एक उंच इमारत, मैदानाचा पत्ता नाही. अशा मुलाने रात्री अर्धा तास मोबाइल पाहिला, तर घरात रणकंदन होते. त्याआधीच्या बारा तासांच्या बैठकीविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही! ज्या शहरातील एक शाळामास्तर, सय्यद अब्दुल रहीम, यांच्या शिकवणीखाली भारताच्या फुटबॉल संघाने 1962 साली जाकार्ता येथे सुवर्णपदक मिळविले, त्या शहरातील ही स्थिती आहे.

मोबाइल काढून घेणे निष्फळ, असे आम्ही म्हणत नाही. 2016 साली रिओ ऑलिंपिकपूर्वी पुल्लेला गोपीचंद यांनी पी. व्ही. सिंधू हिचा फोन सुमारे तीन महिने काढून घेतला होता, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु फोन गेला तेव्हा तिच्या हाती रॅकेट होती, आणि दिवस गच्चीबावलीच्या कोर्टावर जात होता. फोन घ्यावयाचा आणि बदल्यात आणखी एक क्लास द्यावयाचा, हा व्यवहार वेगळा.

मुलींचा प्रश्न तर अधिक बिकट. 2016 सालच्या आकड्यांनुसार, जगातील 11 ते 17 वयाच्या मुलांपैकी शेकडा 78, तर मुलींपैकी शेकडा 85 पुरेशी हालचाल करीत नव्हत्या. मुलगी वयात आली की तिचे खेळणे प्रथम बंद होते, भावाचे नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने या वयास दिवसाकाठी सरासरी 60 मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल सांगितली आहे. मैदान नसेल तर गच्ची आहे, जिना आहे, बाजारातून भाजी आणणे आहे. सायकलवर शिकवणीस जाता येते. निजावयाच्या खोलीत मोबाइल नसावा, आणि हा नियम बापासही लागू असावा. जेवताना स्वतः व्हॉट्सअॅप चाळणाऱ्या बापाचे मूल ऐकत नाही, यात नवल ते काय?

मात्र मूल आठवडे-दोन आठवडे गप्प असेल, झोप व भूक उडाली असेल, मित्र टाळीत असेल, जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवीत असेल, तर त्यास आळस म्हणू नये आणि रागावूही नये. जवळ बसून विचारावे, डॉक्टरांकडे न्यावे. 14416 हा 'टेलि-मानस' चा सरकारी क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून विनामूल्य सल्ला देत आहे. तो घरातील सर्वांस दिसेल अशा जागी, मुलांनाही आपण होऊन लावता येईल असा, लिहून ठेवावा.