पाणी पाहून माल मागा

"पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल" ही म्हण आपण थट्टेने वापरतो. मासळीच्या धंद्यात मात्र ती रोज खरी होते. मासा अजून पाण्यातच असतो, पण काठावर भाव ठरलेला असतो, गाडी सांगून ठेवलेली असते, बर्फ फोडून तयार असतो. ही सारी तयारी एकाच गोष्टीवर उभी असते: आजचा दिवस मासेमारीचा आहे की नाही? आणि नेमका हाच प्रश्न विचारण्याची व्यापाऱ्याला सवय नाही. म्हणून आज त्यावर चार शब्द लिहीत आहोत.

आम्ही कापडाचे व्यापारी. पण सोलापूर जिल्ह्यात दुकान असलेल्या माणसाचा उजनी धरणाशी संबंध येतोच. भीमा नदीवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचा फुगवटा माढा, करमाळा, इंदापूर, दौंड अशा तालुक्यांत पसरला आहे. काठच्या गावांतील मच्छीमार आमचे जुने गिऱ्हाईक आहेत. सणाचे कापड उधारीवर नेतात आणि मासळीचे पैसे हाती आले की फेडतात. म्हणजे त्यांच्या जाळ्यात मासा आला तरच आमच्या गल्ल्यात पैसा येतो. हे गणित आमच्याप्रमाणे किराणावाले, बर्फवाले, जाळी विकणारे, होड्या दुरुस्त करणारे आणि मासळीचे आडतदार या सर्वांना लागू आहे.

पाण्याचा दिवस कसा ओळखतात? या लोकांबरोबर बसून आम्ही जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट पाण्याची पातळी. वर्तमानपत्रात उजनीचा साठा टक्क्यांत येतो आणि उन्हाळ्यात तो "वजा" होतो. वजा म्हटले की धरण कोरडे पडले, असा व्यापाऱ्याचा समज होतो. तो चुकीचा आहे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यापैकी जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा आहे आणि टक्के मोजतात ते वरच्या सुमारे ५३ टीएमसीचे. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा वजा साठच्या आसपास गेला, तेव्हाही धरणात तीस टीएमसीहून अधिक पाणी होते. मात्र ते पसरट काठ सोडून नदीच्या जुन्या पात्रात आणि खोलगट भागात उतरले होते. मासाही त्याच्यामागे तेथेच गेला. अशा दिवसांत कमी जागेत मासा दाटतो आणि जाळे भरून येते. आडतदाराला वाटते, हंगाम जोरात आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर हा नफा नव्हे, हे दुकान मोडून माल काढणे आहे. त्यातच बारीक आसाचे जाळे फिरले, तर पुढच्या वर्षीचे भांडवल याच वर्षी संपते.

याच्या उलट पावसाळ्यात होते. त्याच २०२४ साली ऑगस्टच्या सुरुवातीला धरण भरले. पाणी नव्या जमिनीवर चढले, तेथील गवत, किडे खाण्यासाठी मासा दूरवर पांगला. रोहू, कटला, मृगळ या जातींची अंडी घालण्याची वेळही पावसाळ्यातच येते. अशा वेळी जाळी हलकी येतात. "मासे संपले, पोरे कामचुकार झाली," अशी बोलणी काठावर ऐकू येतात. वास्तविक मासे संपलेले नसतात, ते वाढत असतात.

दुसरी गोष्ट पाण्याचा रंग. दौंडकडून पुराचे गढूळ पाणी येऊ लागले की उभे जाळे माशाला दिसत नाही, म्हणून ते चांगले लागते. नितळ पाण्यात आणि चांदण्या रात्री तेच जाळे मासा चुकवतो. म्हणूनच जुने लोक अंधाऱ्या पंधरवड्याची वाट पाहतात. ही अंधश्रद्धा नाही, तजुर्बा आहे. हिरवे पाणी मात्र वेगळे. वरच्या शहरांतून सांडपाणी येते, त्यावर शेवाळ माजते. उकाड्याच्या, ढगाळ, वारा पडलेल्या रात्री हे शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. पहाटे तो सर्वांत कमी असतो. तेव्हा मासा वर येऊन तोंड उघडून धापा टाकतो. नवशिक्याला वाटते, आज मासा हाताने धरता येईल. जाणता माणूस समजतो की पाणी आजारी आहे. मरून तरंगलेला मासा लिलावात आणणे म्हणजे कुजलेल्या सुताची चादर विकण्यासारखे आहे. गिऱ्हाईक एकदाच फसते आणि बाजाराचे नाव कायमचे जाते.

तिसरी गोष्ट वारा, आणि ही सर्वांत मोठी. मंद वारा असला तर पाणी हलते, माशाचे खाद्य एका काठाला लागते, मासा तिकडे सरकतो. पण उजनीचे पाणी कोसच्या कोस उघडे आहे. त्याला आडोसा नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेला ढग काळे झाले, हवा एकदम थांबली, की वळीव आलाच समजावे. मग होडी परत फिरवायला अर्धा घटकाही मिळत नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अशाच वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. ती मासेमारीची होडी नव्हती. पण पाणी तेच, वारा तोच, आणि त्याच पाण्यात आमचे गिऱ्हाईक रोज संध्याकाळी जाळी लावायला उतरते.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मच्छीमाराला आम्ही जाळ्यासाठी नायलॉनचे सूत उधारीवर दिले. आठवड्याचा हप्ता ठरला. एका आठवड्यात तो आला आणि म्हणाला, "शेठ, वारा बरा नाही, पाणीही झपाट्याने उतरतंय. चार दिवस थांबा." आम्ही म्हणालो, "भाऊ, ठरलं ते ठरलं." तो गेला. उतरत्या पाण्यात जुन्या विहिरीचे दगड वर आले होते, वाऱ्याने जाळे त्यांवर नेऊन अडकवले. निम्मे जाळे फाटून आले. तो जिवानिशी परतला, ही मोठी गोष्ट. आमचा हप्ता तर बुडालाच, पण पुढचे दोन महिने त्याच्या घरातून दुकानात कोणी फिरकले नाही. चार दिवस थांबलो असतो तर सर्व काही मिळाले असते. कापडाचा पोत बोटांनी ओळखणाऱ्या आम्हाला पाण्याचा पोत ओळखणाऱ्याचे ऐकता आले नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे. ज्याने उचल दिली, त्याने माल मागावा. पण दिवस ठरवण्याचा हक्क पाण्यावर जाणाऱ्याचाच असावा. उचलीचा हिशेब दिवसावर न धरता हंगामावर धरावा. वाऱ्यामुळे होडी काढली नाही, म्हणून कोणाची उचल बंद करू नये, कोणाला कमी भाव देऊ नये. यात उपकार काही नाही. बुडालेल्या होडीतून वसुली होत नाही, हा साधा व्यापारी हिशेब आहे.

दुसरे काम फारच सोपे आहे. भिगवण, इंदापूरसारख्या मासळी बाजारांत लिलावाच्या जागी एक काळा फळा लावावा. त्यावर रोज चार गोष्टी लिहाव्यात: धरणाची पातळी, दौंडचा विसर्ग, धरणातून सोडलेले पाणी आणि हवामान खात्याचा वाऱ्या-वादळाचा इशारा. हे आकडे सरकारी खात्यांकडून मिळतात, त्यांना पैसे पडत नाहीत. खडूचा खर्च आडतदारांनी वाटून घ्यावा. त्या आकड्यांखाली एका जाणत्या मच्छीमाराने आपला अंदाज लिहावा: "आज जा", "आज काठाकाठाने जा" किंवा "आज जाऊ नका". आकडा आणि तजुर्बा एकत्र आले की चूक कमी होते. ज्याला वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याने वाचून दाखवावे.

सुताचा भाव विचारल्याशिवाय आपण माग चालवत नाही, आणि पावसाचा रंग पाहिल्याशिवाय शेतकरी पेरत नाही. मग पाण्याला न विचारता मासळीचा सौदा का करावा? येत्या उन्हाळ्यात पश्चिमेला ढग दिसले आणि एखादा मच्छीमार आपल्या पेढीवर येऊन "आज नको" म्हणाला, तर त्याला बसवून चहा द्यावा. उद्याचा माल तोच आणणार आहे.